प्रवाहाचें गणित आणि सीमेवरच्या अटी

तापविलेलें दूध लवकर निवावें म्हणून आपल्या घरीं पातेलें थंड पाण्याच्या परातींत ठेवतात, ही गोष्ट आमच्या विद्यार्थिवाचकांनीं पुष्कळदां पाहिली असेल. घटकाभरानें दूध कोमट होतें, आणि परातींतलें पाणीही कोमट झालेलें असतें. दुधानें जितकी उष्णता गमावली तितकीच पाण्यानें, परातीनें आणि आसपासच्या हवेनें मिळून कमावली. मध्यें कोठें ती नाहींशी झाली नाहीं, आणि कोठून नवी आलीही नाहीं. दुधाचा एक थेंबही पाण्यांत न मिसळतां केवळ पातेल्याच्या पत्र्यांतून ही देवघेव झाली. मोटारीच्या रेडिएटरांत, विजेच्या निर्मितिगृहांत, दूधकेंद्रांत हेंच काम अखंड वाहत्या द्रवांकडून करून घेतात, व त्यासाठीं जें उपकरण योजतात त्यास हीट एक्स्चेंजर म्हणतात. ह्या लेखांत आम्ही त्यास उष्णताविनिमयक म्हणूं. परातींतल्या जमाखर्चाची मात्र वाचकांनीं आठवण ठेवावी, कारण पुढें एका मोठ्या घोटाळ्यांतून त्यानेंच आम्हांस बाहेर काढलें.

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचा एक माजी विद्यार्थी आमच्याकडे आला. तो आतां अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षास आहे. एका लहान दूधसंस्थेसाठीं दूध तापविण्याचें उपकरण योजावें, हा त्याचा वर्षाचा प्रकल्प होता. मोठ्या दूधकेंद्रांत ह्या कामास पन्हळी पत्र्यांचे विनिमयक असतात, पण ह्याची योजना साधी होती : एक नळी दुसऱ्या नळीच्या आंत. आंतल्या २५ मिलिमीटर व्यासाच्या पोलादी नळींतून सेकंदास ०.२ किलोग्रॅम दूध वाहावयाचें. दोन नळ्यांमधल्या पोकळींतून उलट दिशेनें सेकंदास ०.४ किलोग्रॅम ऊन पाणी वाहावयाचें. दूध ३० अंशांवर आंत शिरणार, पाणी ८५ अंशांवर. तीन तीन मीटरांचे चार सरळ तुकडे, म्हणजे एकंदर लांबी १२ मीटर. दूध निदान ७२ अंशांपर्यंत तापलें पाहिजे व त्या उष्णतामानावर निदान १५ सेकंद राहिलें पाहिजे, तरच त्यांतील रोगजंतु मरतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर ह्यांच्या नांवावरून ह्या क्रियेस पाश्चरीकरण म्हणतात. ह्या आंकड्यांत ढिलाई चालत नाहीं. ते दूध कोणाच्या घरीं कोणत्या मुलाच्या पेल्यांत जाणार हें गणित करणाऱ्यास ठाऊक नसतें.

लॅपटॉप उघडून तो म्हणाला, "सर, तीन आठवडे झाले. गणित कांहीं केल्या स्थिरावत नाहीं."

हें गणित कशाचें, तें आधीं सांगितलें पाहिजे. द्रवाच्या गतीचीं समीकरणें फ्रान्समधील नाव्हिए ह्यांनीं १८२२ सालीं मांडलीं व केंब्रिजच्या स्टोक्स ह्यांनीं १८४५ सालीं तीं पक्क्या पायावर आणलीं. उष्णतेच्या वहनावरचा फूरिए ह्यांचा ग्रंथही १८२२ चाच. परंतु कागदावर हीं समीकरणें अगदीं थोड्या सोप्या आकृतींसाठींच सुटतात. म्हणून नळीच्या आंतील जागेचे लाखों चिमुकले कोष्ठक कल्पून संगणकाकडून प्रत्येक कोष्ठकाचा जमाखर्च लिहवून घेतात : किती द्रव आला, किती गेला, किती उष्णता आली, किती गेली, दाबानें किती ढकललें. ह्या विद्येच्या आद्य आचार्यांत सुहास पाटणकर हें नांव मराठी वाचकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत व नंतर मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें शिकून ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत गेले, आणि तेथील प्राध्यापक स्पाल्डिंग ह्यांच्यासह १९७२ सालीं त्यांनीं 'सिंपल' नांवाची रीत प्रसिद्ध केली. प्रथम दाबाचा अदमास धरावा, त्यावरून वेग काढावा, कोणत्या कोष्ठकांत द्रवाची आवकजावक जुळत नाहीं तें पाहावें, तेवढ्यापुरता दाब सुधारावा, आणि सर्व कोष्ठकें जुळेपर्यंत हेंच पुनःपुन्हा करावें, असा तिचा गाभा आहे. विद्यार्थ्याचा संगणकही ह्याच रीतीनें चालला होता.

आतां मुद्द्याची गोष्ट. नळीच्या मध्यभागींच्या कोष्ठकास सर्व बाजूंनीं शेजारी असतात, व शेजारी काय देतो घेतो ह्यावरून त्याचा हिशेब लागतो. परंतु अगदीं कडेच्या कोष्ठकास एका बाजूस शेजारीच नसतो. तेथें त्या नसलेल्या शेजाऱ्याच्या वतीनें आपणांस बोलावें लागतें. आपण जें बोलतों त्यास सीमेवरची अट म्हणतात. हें बोलणें तीन प्रकारचें असूं शकतें. 'येथें उष्णतामान इतकेंच आहे' असें ठाम मूल्य सांगतां येतें. 'येथून इतकीच उष्णता जाते' असा ओघ सांगतां येतो. किंवा 'बाहेरच्या हवेशीं जितका फरक असेल तितक्या प्रमाणांत उष्णता जाईल' असा दोहोंचा संबंध सांगतां येतो. पहिल्या दोहोंस डिरिश्ले व नॉयमान ह्या जर्मन गणितज्ञांचीं नांवें मिळालीं आहेत. संगणक आपल्या शब्दावर पूर्ण भरंवसा ठेवतो. आपण खोटें बोललों तर तो त्या खोट्यास धरूनच लाखों कोष्ठकें बिनचूक जुळवून देतो.

आमच्या विद्यार्थ्याचें पहिलें दुखणें असें होतें कीं, हजारों फेऱ्या झाल्या तरी द्रवाच्या आवकजावकींतली तूट एका पातळीच्या खालीं उतरेना. येथें आम्हांस आमची चूकही कबूल केली पाहिजे. आम्हीं प्रथम त्यास सांगितलें कीं, कोष्ठकें मोठीं असतील, लहान कर. बिचाऱ्यानें दोन दिवस घालवून कोष्ठकांची संख्या चौपट केली. तूट जेथल्या तेथें. मग आम्हीं त्यास प्रवेशाच्या व निर्गमाच्या अटी मोठ्यानें वाचावयास सांगितल्या. दूध नळींत शिरतें तेथें त्यानें वेग दिला होता सेकंदास ०.४० मीटर, आणि बाहेर पडतें तेथेंही वेगच दिला होता, ०.३९ मीटर. खरा आंकडा ०.३९५ च्या जवळपास. एकदां वर वळविला, एकदां खालीं. एवढ्याशा फरकानें काय होतें, असें कोणास वाटेल. परंतु हिशेब केला तर दर सेकंदास सुमारें ५ ग्रॅम दूध नळींत शिरत होतें आणि बाहेर पडत नव्हतें. दूध दाबून लहान होत नाहीं, नळी फुगत नाहीं, मग तें राहावें कोठें ? ह्या प्रश्नास उत्तरच नाहीं, म्हणून संगणकासही तें सांपडेना.

ज्यांनीं पाटाचें पाणी पाहिलें आहे त्यांस हें लवकर कळेल. पाटकरी तोंडाशीं दार उघडून किती पाणी सोडावें हें ठरवूं शकतो. पाटाच्या शेपटाशीं तें किती निघावें हेंही तोच हुकुमानें ठरवूं लागला तर कोठेंतरी पाट फुटेल किंवा कोरडा पडेल. तोंडाशीं वेग सांगावा आणि शेवटीं केवळ दाब सांगावा, म्हणजे मधलें पाणी आपली वाट आपण काढतें. दाब एका ठिकाणीं सांगण्याचें आणखी एक कारण आहे. न दबणाऱ्या द्रवास दाबाचा फरक तेवढा कळतो, मूळ दाब कळत नाहीं. समुद्रसपाटी ठरविल्याशिवाय डोंगरांच्या उंचीचे आंकडे लिहितां येत नाहींत, तसेंच हें. दुधाच्या निर्गममुखाशीं वेगाच्या ऐवजीं दाब शून्य धरला, आणि ती तूट तासाभरांत उतरली.

दुसरें दुखणें पाण्याच्या बाजूस होतें व तें अधिक लबाड होतें. ऊन पाणी दोन नळ्यांमधल्या पोकळींतून वळून एका आडव्या तोंडानें बाहेर पडत होतें, आणि विद्यार्थ्यानें आपल्या आकृतीची हद्द त्या वळणाला लागूनच तोडली होती. वळणापाशीं पाण्यांत भोवरा असतो. भोंवऱ्याचा अर्धा भाग बाहेर जातो तर अर्धा आंत येतो. हद्द त्या भोंवऱ्याच्या पोटांतूनच गेल्यामुळें निर्गममुखांतून पाणी उलट आंत शिरूं लागलें. आतां हें आंत येणारें पाणी कितपत ऊन ? त्याच्या वतीनें विद्यार्थी कांहींच बोलला नव्हता. म्हणून कार्यक्रमांत आधींच भरून ठेवलेला आंकडा लागू झाला : ३०० केल्विन, म्हणजे सुमारें २७ अंश. ऊन पाण्याच्या नळींत कोणी घागरीनें गार पाणी ओतावें तसें झालें, आणि तें कधीं जास्त कधीं कमी, म्हणून आंकडे सारखे डोलत होते. संगणकानें 'उलट प्रवाह' अशी सूचना प्रत्येक फेरीस छापली होती. ती शेंकडों वेळां छापली गेल्यामुळेंच कोणी वाचली नव्हती ! उपाय सोपा होता. निर्गमाची नळी तिच्या व्यासाच्या दसपट पुढें वाढवून भोंवरा विरल्यावर हद्द घातली, व आंत येणाऱ्या पाण्याचें उष्णतामानही जवळच्या पाण्याइतकें लिहून ठेवलें.

केल्विन व सेल्सियस ह्यांच्या घोटाळ्याविषयीं एक शब्द. ८५ हा आंकडा अंश समजून केल्विनच्या रकान्यांत लिहिला तर पाणी शून्याखालीं १८८ अंशांवर जातें. द्रवाचे गुणधर्म स्थिर धरलेले असतील तर संगणक त्या बर्फासही आनंदानें वाहवतो. आमच्या विद्यार्थ्यानें ही चूक केली नव्हती, पण वर्गांत ती पाहण्यास मिळते.

हे दोन दोष निघतांच गणित स्थिरावलें. दुधाचें निर्गमाचें उष्णतामान आलें ७५ अंश. पाहिजे होते ७२, आले ७५ ! पडद्यावर निळ्यापासून तांबड्यापर्यंत सुरेख रंग उमटले होते. अहवाल द्यावयास दोन दिवस उरले होते. त्याचा चेहरा खुलला, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही आतां चहा घ्यावा असें वाटलें. पण शाळेंत वर्षानुवर्षें परातीचें उदाहरण फळ्यावर करून घेण्याची संवय हातांत होती. आम्हीं त्यास म्हटलें, "पाणी किती अंशांवर बाहेर पडलें, तेवढें सांग."

"८१," तो म्हणाला.

मग आम्हीं कागद घेतला. दुधाची विशिष्ट उष्णता सुमारें ३.९ किलोज्यूल. सेकंदास ०.२ किलोग्रॅम दूध ४५ अंश चढलें, म्हणजे त्यानें ३५.१ किलोवॅट उष्णता घेतली. पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१८. सेकंदास ०.४ किलोग्रॅम पाणी ४ अंश उतरलें, म्हणजे त्यानें ६.७ किलोवॅट दिली. पाण्यानें दिली ६.७ आणि दुधानें घेतली ३५.१; मधली २८.४ किलोवॅट उष्णता कोणी दिली ?

तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. पुढें आपण होऊनच त्यानें आंतल्या नळीच्या भिंतीची अट उघडली. त्या भिंतीस दोन पृष्ठें : एक दुधाकडचें, एक पाण्याकडचें. दोहोंवर त्यानें ८० अंश असें ठाम मूल्य लिहिलें होतें. पाणी ८५ अंशांवर येतें, पोलादाची भिंत पातळ, तेव्हां ती ८० च्या आसपास असेलच, हा त्याचा विचार. विचार दिसावयास वावगा नाहीं. परंतु 'येथें ८० अंशच आहेत' असें म्हणतांच ती भिंत भिंत राहिली नाहीं. तिला तळ नसलेला खजिना जडला. दूध कितीही उष्णता ओढून घेवो, भिंत ८० वरून ढळावयाची नाहीं. पाण्याचा दुधाशीं कांहीं संबंधच उरला नव्हता. दोघांचे दोन वेगळे संसार एकाच भिंतीच्या दोन बाजूंस चालले होते. संगणकाच्या दृष्टीनें चूक कोठेंच नव्हती, कारण भिंतीनें दिलेली उष्णता तो भिंतीच्या खात्यावर चोख लिहीत होता. तें खातें उघडून पाहणें हें मात्र माणसाचें काम.

खरी गोष्ट अशी कीं, भिंतीचें उष्णतामान हें आपण सांगावयाचें नसून गणितानें शोधावयाचें असतें. आपण एवढेंच सांगावयाचें कीं, भिंत इतकी जाड, इतक्या वाहकतेच्या पोलादाची, आणि पाण्याकडून जितकी उष्णता तिच्यांत शिरेल तितकीच दुधाकडे निघेल. अशी जोडलेली अट घालून गणित पुन्हा चालविलें. दूध निघालें ६६ अंशांवर, पाणी ६८.२ वर. दुधानें घेतली २८.१ किलोवॅट, पाण्यानें दिलीही २८.१. भिंत एका टोंकास सुमारें ५२ अंश व दुसऱ्या टोंकास सुमारें ७७ अंश असल्याचें दिसलें. ८० ती कोठेंच नव्हती.

बाहेरच्या नळीच्या भिंतीविषयीं त्यानें कांहींच लिहिलें नव्हतें, आणि कांहीं न लिहिल्यास कार्यक्रम ती उष्णतारोधक समजतो. हीही अट तपासून पाहिली. सुमारें ५० मिलिमीटर व्यासाची ती नळी उघडी ठेवली तर साध्या हवेंत तिच्यांतून अंदाजें एक किलोवॅट उष्णता जाईल. वरून ग्लासवूल गुंडाळणार असल्यामुळें त्याहूनही पुष्कळ कमी. म्हणून ती अट तशीच राहूं दिली. दूध आंत शिरतांना वेग सर्वत्र सारखा धरला होता, तोही तसाच ठेवला. प्रवेशाचा हा कृत्रिमपणा नळीच्या कांहीं व्यासांइतक्या अंतरांत पुसला जातो, आणि येथें नळी तर तिच्या व्यासाच्या ४८० पट लांब. कोणत्या अटीवर दिवस खर्चावा व कोणत्या अटीवर एक वाक्य, हें प्रत्येक वेळीं उपकरणाच्या मापांवरून ठरवावें लागतें. हेंच उपकरण वीतभर लांबीचें असतें तर प्रवेशाचा वेग प्रथम तपासावा लागला असता.

तर उत्तर ७५ नव्हे, ६६. सहा अंश कमी. पहिल्या उत्तरावर विसंबून १२ मीटरांची नळी बांधली असती तर कागदावर पाश्चरीकरण झालेलें आणि प्रत्यक्षांत न झालेलें दूध बाटल्यांत भरलें गेलें असतें. चालू उपकरणांत उष्णतामापकानें व झडपेनें असें अपुरें तापलेलें दूध परत फिरविण्याची सोय असते, हें खरें. पण मग तें उपकरण दिवसभर दूध परतच फिरवीत बसलें असतें.

"आतां काय लिहूं, सर ?" त्यानें विचारलें. त्याच्या मनांत काय चाललें होतें तें आम्हांस कळत होतें. ७५ अंशांचीं चित्रें तयार होतीं, परीक्षकांनीं भिंतीची अट उघडून पाहिलीच असती असें नाहीं, आणि दोन दिवसांत नवा आराखडा करणें सोपें नव्हतें. आम्हीं त्यास उत्तर दिलें नाहीं, कागदावरच्या ६.७ व ३५.१ ह्या आंकड्यांखालीं एक रेघ मात्र ओढली. तो घरीं गेला, आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं परत आला तो नवीन गणित घेऊन. त्यानें आणखी दोन तुकडे जोडून नळी १८ मीटर केली होती. दूध निघत होतें ७२.७ अंशांवर. त्यापुढें १५ सेकंद उष्णता टिकविणारी नळीही काढली होती. सरासरी वेगानें तिची लांबी ६ मीटर होते, परंतु नळीच्या मध्यावरचें दूध सरासरीपेक्षां पुढें धांवतें, म्हणून त्यानें ती ८ मीटर धरली होती. हें त्यास आम्हीं सांगितलें नव्हतें.

एक गोष्ट उरली होती आणि ती त्यानें स्वतःच अहवालांत लिहिली. ऊन भिंतीवर दुधांतील प्रथिनें व क्षार ह्यांचा पापुद्रा बसतो. घरच्या पातेल्यास बसतो तसाच. तो उष्णतेस अडवितो. म्हणजे भिंतीच्या अटींत आणखी एक अडथळा मिळवावयास पाहिजे, आणि ०.७ अंशाची शिल्लक त्यास पुरणार नाहीं. त्या पापुद्र्याची जाडी किती धरावी हें संगणक सांगूं शकत नाहीं. म्हणून ह्या उन्हाळ्यांत महाविद्यालयाच्या कार्यशाळेंत नळीचा तीन मीटरांचा एक तुकडा उभारून, त्यांतून रोज चार तास दूध वाहवून, दोन्ही टोंकांस उष्णतामापक लावून तो मोजमाप घेणार आहे. चार उष्णतामापकांपैकीं दोन पाण्याच्या बाजूस लावण्याचें त्यानें आम्हांस कळविलें आहे.